शेजारची रांग

श्रोतेहो, नमस्कार. गणपतीला मुंबईहून गावी येणाऱ्या माणसाला वाहतुकीची कोंडी म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. अशी कल्पना करा, की कशेडीच्या बोगद्यात गाड्यांच्या दोन रांगा एकाच दिशेला तोंड करून अडकल्या आहेत आणि तासाभराने शेजारची रांग हलू लागली आहे. आपली गाडी जागची हललेली नसली, तरी सुरुवातीला आपल्याला बरेच वाटते, कारण पुढचा रस्ता मोकळा झाला असेल आणि आता आपलाही नंबर लागेल, अशी आशा वाटते. शेजारचीच रांग पुढे जात राहिली, तर मात्र त्या आशेचा संताप व्हायला वेळ लागत नाही. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये बोगद्यातल्या दोन रांगांचा हाच दाखला दिला होता. लोक विषमता किती काळ सोसतात, हे आपलीही पाळी येईल हा विश्वास किती टिकतो यावर ठरते, असे त्याचे म्हणणे होते.

२०२२-२३ मध्ये देशाच्या एकूण उत्पन्नातील सुमारे २२.६ टक्के वाटा वरच्या एक टक्का लोकांकडे गेला, असा जागतिक विषमतेच्या अभ्यासकांचा अंदाज आहे. आकडा अस्वस्थ करणारा आहे, पण तो वाचून मत ठरवणारा माणूस मला कोकणात अजून भेटलेला नाही. इथला मतदार आपल्या वाडीकडे पाहतो, शेजारच्या घरावर नव्याने घातलेल्या स्लॅबकडे पाहतो आणि आपली रांग हलेल का, याचा अंदाज बांधतो.

गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या, म्हणजे खोतीच्या काळात ती हलण्याची आशाच नव्हती. पिकवलेल्या भातातला मोठा वाटा खोताच्या घरी पोहोचवल्यावर कुळाच्या कणगीत पावसाळा निघेल एवढेही उरत नसे. म्हणूनच अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सुमारे सहा वर्षे जमिनी न कसता संप चालवला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने गेले. रायगडमध्ये शेतकरी कामगार पक्षाने पुढे जी मुळे धरली, ती याच जमिनीत. मग खोती रद्द करणारा १९४९ चा कायदा आला, कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक ठरले. ज्याच्या नावावर सातबारा झाला, त्याला पुढच्या निवडणुकीत कोणाच्या दारात उभे राहण्याची गरज उरली नाही. हा त्या कायद्याचा मोठेपणा मला आजही वाटतो.

जमीन मिळाली, पण ती गुंठ्यांत होती आणि पोट भरायला मुंबईच गाठावी लागली. कमाई गिरणीत आणि मत गावात, अशी विभागणी झाली. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि पुढे कित्येक घरांच्या मनीऑर्डरी थांबल्या. तरीही गावातल्या मतदाराने आपल्या आमदाराला रोजगाराबद्दल जाब विचारला नाही. पाखाडी, साकव, नळपाणी योजना आणि वस्तीची एसटी, एवढेच त्याचे मागणे राहिले. कोकणच्या राजकारणाचे याहून मोठे नुकसान दुसऱ्या कशाने झाले असेल, असे मला वाटत नाही.

समुद्रावर मात्र चित्र वेगळे आहे. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हे लगेच पटेल. होडीने जाळे अर्धवर्तुळात सोडतात, दोन्ही बाजूंच्या दोऱ्या माणसे वाळूत टाचा रोवून ओढतात आणि मासळी वर आली, की जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्याचा असे वाटे सर्वांसमक्ष घालतात. बांगड्या-तारलीचा थवा किनाऱ्याला लागण्याआधीच पर्ससीनच्या, म्हणजे मोठ्या जाळ्याने थवाच घेरणाऱ्या यांत्रिक नौकेने बाहेर उचलला, तर त्या दिवशी वाट्याला काय येणार नाही, हे इथे प्रत्येकाला टोपलीत दिसते. त्यामुळे हा मच्छीमार धोरणावर बोट ठेवून बोलतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारने पर्ससीनवर बंधने घातली. ती पाळली जातात का, गस्तीनौका समुद्रात किती दिवस असते, डिझेलचा परतावा केव्हा मिळणार, हे तो उमेदवाराला तोंडावर विचारतो. पर्ससीनवर राबणारा खलाशीही गरीबच आहे आणि या वादात दोन गरिबांची मते एकमेकांविरुद्ध पडतात, हेही सांगितले पाहिजे.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. पुरुष बाहेरगावी आणि घर बाईच्या खांद्यावर, असा हा प्रदेश आहे. अशा ठिकाणी २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यात येऊ लागले, याचे मोल कमी लेखू नये. लोकसभेला राज्यात ४८ पैकी १७ जागांवर थांबलेली सत्ताधारी आघाडी नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या २८८ पैकी दोनशेहून अधिक जागा जिंकून आली. कारण एकच नव्हते, पण हे एक ठळक कारण होते. प्रचारात एका बाजूने २,१०० रुपयांचे आश्वासन दिले, दुसऱ्या बाजूने ३,००० रुपयांचे. सातबारा एकदा नावावर झाला, की देणाऱ्याची आठवण ठेवण्याचे बंधन राहत नाही. दरमहा येणारी रक्कम मात्र पुढच्या महिन्याची काळजी सोबत आणते आणि मत त्या काळजीला बांधले जाते.

त्या निवडणुकीनंतर बँकेच्या रांगेत काजूच्या कारखान्यात कामाला जाणारी एक बाई माझ्या पुढे उभी होती. बोटांना काजूच्या चिकाचे काळे डाग होते. पासबुकावर नोंद करून घेतल्यावर तिने ते दोनदा निरखून पाहिले, पदराने पुसले आणि पिशवीत ठेवले. जमा झाले का, असे मी विचारले, तेव्हा मुलाच्या आठवणीने ती म्हणाली, “पैशे इले, पण झील काय गावाक येवचो नाय.”