बंदरात शिरतानाचा तास: आम्हा दोघांची भूमध्य समुद्रातली क्रूझ

क्रूझ म्हटलं की लोक पहिल्यांदा जहाजाबद्दलच विचारतात, किती मजली होतं, स्विमिंग पूल किती होते, जेवण कसं होतं, बाल्कनीवाली केबिन घ्यावी का, आणि ते सगळं असतंच, पण भूमध्य समुद्रात क्रूझ करायची असेल तर आमच्या दोघांच्या मते सगळ्यात मोलाचा असतो तो बंदरात शिरतानाचा तास. पहाटे जहाज स्लो होतं, इंजिनाची घरघर बदलते, बाहेर डेकवर मोजकी माणसं असतात आणि बाकी अख्खं जहाज गाढ झोपेत. ही शहरं ज्यांनी वसवली ते लोक समुद्रातून यायचे, त्यांचा माल समुद्रातून यायचा आणि शत्रूही समुद्रातूनच यायचे, त्यामुळे किल्ले काय, चर्च काय, दीपस्तंभ काय, सगळ्यांची तोंडं पाण्याकडे. विमानतळावरून टॅक्सीने शहरात जाणं म्हणजे मागच्या दाराने घरात शिरण्यासारखं आहे.

आमचा रूट होता बार्सिलोना ते पिरेयस, म्हणजे अथेन्सचं बंदर. मध्ये फ्रान्स, इटली, माल्टा. हे सगळे देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर एकच शेंगेन व्हिसा पुरतो, पण तुमच्या रूटमध्ये तुर्की किंवा माँटेनेग्रो असेल तर मध्ये शेंगेनच्या बाहेर जाऊन परत आत यावं लागतं, तेव्हा मल्टिपल एंट्री आहे ना ते आधी बघून घ्या.

बार्सिलोनाला आपण जहाजात चढतो, त्यामुळे इथे शिरणं नाही तर निघणं बघायला मिळतं. उन्हाळ्यात इथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. जहाज धक्क्यापासून सुटतं तेव्हा आधी कडेच्या थ्रस्टरनी, म्हणजे जहाज आडवं ढकलणाऱ्या पंख्यांनी, पाणी ढवळून निघतं, दोरखंड पाण्यात पडतात आणि वर ओढले जातात, आणि मग माँटजुइकची टेकडी हळूहळू मागे सरकायला लागते. कोलंबसचा तो 60 मीटर उंच खांब, 1888 च्या प्रदर्शनासाठी बांधलेला, आणि त्याच्या मागे लांबवर सग्रादा फामिलिया या चर्चचे मनोरे, ज्याचं काम 1882 ला सुरू झालं. शहरात फिरताना हे सगळं तुकड्या-तुकड्यांत दिसतं, इथून एका नजरेत बसतं.

आणि इथेच एक गोष्ट बोलायला हवी. बार्सिलोनाच्या लोकांना क्रूझची गर्दी आता नकोशी झालीये, आणि त्यांचं चुकत नाही. एकेका जहाजातून हजारो माणसं सकाळी उतरतात, त्याच चार रस्त्यांवर फिरतात आणि संध्याकाळी परत जातात. 2025 मध्ये शहराने आणि बंदराने मिळून ठरवलं की क्रूझ टर्मिनल सातवरून पाचवर आणायची, 2030 पर्यंत. धुराचाही प्रश्न आहेच. 1 मे 2025 पासून अख्ख्या भूमध्य समुद्रात जहाजांच्या इंधनातलं गंधकाचं प्रमाण 0.1 टक्क्याच्या आत ठेवायचा नियम लागू झालाय, आधी ते 0.5 टक्के चालायचं. हे सगळं माहीत असूनही आम्ही गेलो, मग निदान वागावं तरी नीट, म्हणून प्रत्येक बंदरात एकच काहीतरी बघायचं आणि ते सावकाश बघायचं असं आम्ही ठरवून टाकलं.

पहिल्या रात्री जहाज हलतं. फ्रान्सच्या दक्षिणेला लायनच्या आखातात मिस्ट्राल नावाचा वारा उत्तरेकडून, ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून खाली येतो, कोरडा आणि गार, अगदी उन्हाळ्यातसुद्धा. जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते बाहेर काढले की डोलणं बरंच कमी होतं. ज्यांना त्रास होतो त्यांनी मधोमध आणि खालच्या डेकवरची केबिन घ्यावी, तिथे हालचाल सगळ्यात कमी जाणवते. आम्ही तीच घेतली होती, छोटी खिडकीवाली, आणि खरं सांगायचं तर दिवसभर डेकवर असल्यामुळे बाल्कनीची आठवणही आली नाही.

फ्रान्सचं बंदर मार्सेय पटकन सांगते. क्रूझचा धक्का जुन्या बंदरापासून लांब आहे, शटल बस लागते. पण जहाजावरून टेकडीवरचं नोत्र दाम द ला गार्द हे चर्च दिसतं आणि त्यावरची मेरीची सोनेरी मूर्ती उन्हात चमकत असते. आत गेलात तर छताकडे बघा, तिथे छोट्या छोट्या बोटी टांगलेल्या आहेत, वादळातून वाचून आलेल्या खलाशांनी वाहिलेल्या. आम्ही तेवढंच बघितलं आणि मान दुखेपर्यंत बघितलं.

मग चिविताव्हेक्किया. ब्रोशरमध्ये हे बंदर रोम म्हणून छापतात, पण रोम इथून साधारण 70 किलोमीटर आत आहे, त्यामुळे जहाजावरून रोमचा र सुद्धा दिसत नाही. सम्राट ट्रेजनने दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला हे बंदर बांधलं, आणि दोन हजार वर्षांनी जहाजं अजून तिथेच लागतात. लोक इथे उतरून एका दिवसात कोलोसियम, व्हॅटिकन, ट्रेव्ही कारंजं सगळं उरकायला धावतात, भर जुलैच्या उन्हात. नका करू असं. साधी लोकल ट्रेन आहे, तासाभराची, ती रोमा सान पिएत्रो स्टेशनवर थांबते आणि तिथून सेंट पीटर्सच्या चौकात चालत जाता येतं. आम्ही चौकात खांबांच्या सावलीत बराच वेळ बसलो, टायबर नदीच्या पुलापर्यंत चालत गेलो आणि परतीची ट्रेन पकडली. रोमला नंतर कधीतरी वेगळं जायचं, हे नक्की.

नेपल्ससाठी मात्र लवकर उठा. आखातात शिरताना डावीकडे इस्किया आणि प्रोचिदा ही बेटं, उजवीकडे लांब काप्री, आणि समोर सकाळच्या धुरकट उजेडात व्हेसुव्हियस ज्वालामुखी, 1281 मीटर, दोन उंचवट्यांचा. डाव्या हाताला प्रोचिदाच्या पुढे जमिनीचं एक टोक आत येतं, ते मिसेनो. इसवी सन 79 मध्ये रोमन आरमाराचा तळ तिथे होता आणि त्याचा प्रमुख होता थोरला प्लिनी. ज्वालामुखी फुटल्यावर तो लोकांना वाचवायला जहाजं घेऊन थेट त्या डोंगराच्या दिशेने निघाला, वरून राख आणि दगड पडत होते तरी, आणि पलीकडे स्ताबियाच्या किनाऱ्यावर मेला. त्याचा सतरा वर्षांचा भाचा मिसेनोलाच थांबला होता, त्याने पुढे टॅसिटस या इतिहासकाराला पत्रं लिहून हे सगळं कळवलं. डेकवर उभं राहिलं की मिसेनो ते व्हेसुव्हियस हे अंतर डोळ्यांनी मोजता येतं, आणि त्या माणसाने काय केलं ते तेव्हा कळतं. माझ्या तर अंगावर काटा आला.

आणि नेमका तेव्हाच नवरा ओरडला, "अगं खाली बघ, खाली!" खाली एक छोटी बोट आमच्या जहाजाला अगदी खेटून, त्याच स्पीडने पळत होती. जहाजाच्या पोटात, पाण्यापासून थोडं वर, एक छोटं दार उघडलेलं आणि त्यातून दोरीची शिडी लोंबकळत होती. बोटीतला माणूस, लाईफजॅकेट घातलेला, एक लाट बोटीला वर उचलेपर्यंत थांबला आणि बरोबर त्या क्षणी त्याने शिडी पकडली, तीन-चार पायऱ्या चढला आणि आत गेला. हा बंदराचा पायलट. एवढं मोठं जहाज असलं तरी बंदरातले प्रवाह, उथळ जागा, वळणं स्थानिक पायलटलाच ठाऊक असतात, म्हणून तो येऊन कॅप्टनच्या शेजारी उभा राहतो. पुढे प्रत्येक बंदरात आम्ही दोघं आधी पायलटची बोट शोधायचो, कोणाला पहिली दिसते म्हणून आमची पैजच लागायची.

नेपल्सला धक्का शहराच्या मधोमध आहे, उतरलं की समोर कास्तेल नुओवो हा किल्ला. तिथून स्टेशन आणि मग लोकल ट्रेनने पाँपेई, 79 च्या त्याच राखेत गाडलं गेलेलं शहर. नोव्हेंबर 2024 पासून दिवसाला 20,000 माणसांचीच मर्यादा आहे, तर तिकीट आधी काढा. आत शिरायचा जो मुख्य दरवाजा आहे तो पोर्ता मारिना, म्हणजे समुद्राचा दरवाजा, आणि समुद्र आता तिथून जवळजवळ दोन किलोमीटर लांब गेलाय. पाँपेईचे लोक राहायचे तेव्हा पाणी कितीतरी जवळ होतं.

त्याच रात्री स्ट्रॉम्बोली, ज्वालामुखीचं बेट. केबिनमध्ये झोपू नका, प्लीज. आधी काळोखात नुसता त्रिकोण दिसतो, 924 मीटर उंच, आणि पाण्याखाली तो याच्या दुप्पटीहून खोल गेलाय. मग काहीच होत नाही. लोक फोन वर धरून धरून कंटाळतात, काहीजण आत जातात, आणि मग टोकावर लाल ठिपका उमटतो, वर उसळतो आणि विखरून खाली येतो, एवढ्या लांबून आवाजसुद्धा येत नाही. हा ज्वालामुखी दोन हजार वर्षांहून जास्त काळ असाच अधूनमधून फुटत आलाय, जुने खलाशी याला भूमध्य समुद्राचा दीपस्तंभ म्हणायचे. आम्ही कठड्याला टेकून उभे होतो, वारा जोरात होता, एकाच शालीत दोघं, आणि बेट पार मागे जाईपर्यंत हललो नाही.

मेसिनाची सामुद्रधुनी सर्वात अरुंद जागी तीनेक किलोमीटर आहे, एका बाजूला सिसिली आणि दुसऱ्या बाजूला इटलीचा पाय. प्रवाह इथे दर सहा तासांनी उलटतो. उन्हाळ्यात तलवार माशाच्या शिकारीच्या बोटी दिसतात, अजब दिसतात, मधे भलामोठा उंच लोखंडी खांब आणि त्याच्या टोकावर मासा शोधायला बसलेला माणूस.

आणि मग व्हॅलेटा, माल्टाची राजधानी. एकच बंदर निवडायला सांगितलं तर आम्ही दोघंही हेच निवडू, यात कधी वादच झाला नाही. सूर्य नुकताच वर येतोय, उजवीकडे सेंट एल्मोचा किल्ला, डावीकडे रिकासोली, आणि जहाज त्या दोघांच्या मधून ग्रँड हार्बरमध्ये शिरतं. दोन्ही बाजूंना सगळा पिवळसर चुनखडीचा दगड, तटबंदी पाण्यातून सरळ वर आलेली, इतकी जवळ की भिंतीतली झुडपं मोजता येतात. 1565 मध्ये ऑटोमन म्हणजे तुर्की फौजांनी इथे वेढा घातला, बेटावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या नाइट्सनी, म्हणजे ख्रिस्ती लढवय्यांच्या संघाने, तो महिनोन्महिने झेलला, आणि पुढच्याच वर्षी, 1566 ला, त्यांचा प्रमुख ला व्हॅलेट याने या नव्या शहराचा पाया घातला.

पण आम्हाला जास्त भिडली ती 1942 ची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात माल्टावर बॉम्बवर्षाव चालू होता, अन्न आणि इंधन संपत आलं होतं. ऑगस्टमध्ये 14 मालवाहू जहाजांचा ताफा मोठ्या आरमारी संरक्षणात निघाला, त्यातली फक्त 5 पोचली. शेवटचं होतं ओहायो नावाचं तेलाचं टँकर, इतकं फुटलेलं की दोन्ही बाजूंना विनाशिका बांधून त्याला तरंगत ठेवलं होतं. 15 ऑगस्टला ते ह्याच वाटेने आत आलं आणि लोक तटावर, छपरांवर उभे राहून ओरडत होते. आपण त्याच पाण्यावरून, हातात कॉफीचा कप घेऊन, आरामात आत येतो. आम्ही दोघंही त्यावेळी काही बोललो नाही, बोलण्यासारखं नव्हतंच काही.

उतरल्यावर काय करायचं? वर अप्पर बराक्का बागेत जा, 58 मीटरची लिफ्ट आहे, दुपारी बारा वाजता तोफ उडते ती ऐका. मग खाली येऊन दायसा पकडा, म्हणजे लाकडी छोटी बोट, काही युरोंत समोरच्या बिर्गूला सोडते. त्या बोटीतून आपलंच जहाज खालून बघायचं.

मग एक पूर्ण दिवस समुद्रात, आयोनियन समुद्र. भूमध्य समुद्राचा सगळ्यात खोल भाग इथेच आहे, 5,000 मीटरहून जास्त. पाणी इतकं गडद निळं का, तर त्यात पोषक द्रव्यं कमी, त्यामुळे सूक्ष्म शेवाळ कमी. नद्या जेवढं पाणी आणतात त्याच्यापेक्षा उन्हाने वाफ होऊन जाणारं जास्त, म्हणून हा समुद्र अटलांटिकहून खारट, आणि ती तूट जिब्राल्टरच्या 14 किलोमीटरच्या फटीतून अटलांटिक भरून काढतो. या दिवशी आम्ही काहीच केलं नाही. वाचलं, झोपलो, गप्पा मारल्या. लग्नानंतर संसाराच्या धबडग्यात अशा निवांत गप्पा फार होत नाहीत हो.

सँटोरिनी या ग्रीक बेटावर जहाज धक्क्याला लागत नाही. साधारण 3,600 वर्षांपूर्वी इथला ज्वालामुखी फुटून मधला भाग खचला, त्या खोल खड्ड्यात समुद्र भरला, आणि आपण त्या खड्ड्यात उभे असतो, भोवती 300 मीटरपर्यंत उंच कडे. काळा थर, लाल थर, वर पांढऱ्या राखेचा थर आणि त्याच्याही वर पांढरी घरं. किनाऱ्यावर छोट्या बोटींनी जायचं, मग वर केबल कार नाहीतर जवळजवळ 600 पायऱ्या. पायऱ्यांवर गाढवं असतात, उन्हात माणसं वाहून नेणारी, आम्हाला ते बघवलं नाही, तुम्हीही बसू नका ही मनापासून विनंती. बेटाने आता दिवसाला 8,000 क्रूझ प्रवाशांची मर्यादा घातलीये आणि जुलै 2025 पासून सीझनमध्ये माणशी 20 युरो फी आहे, ती जहाजाच्या बिलातच लागते. ओइया गावाच्या सूर्यास्ताला सगळे पळाले तेव्हा आम्ही फिरा या मुख्य गावाच्या कड्यावरून थोडं उत्तरेला चालत गेलो, गर्दी दहा मिनिटांत विरळ झाली. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी, म्हणजे इथला उन्हाळ्यातला उत्तरेचा वारा, जोरात असला तर छोट्या बोटी चालत नाहीत आणि कॅप्टन हे बंदर सरळ सोडूनही देतो, तेवढी मनाची तयारी ठेवा.

पिरेयसला क्रूझ संपते. आदल्या रात्री बॅगा केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या, सकाळी टर्मिनलमध्ये मिळतात. अथेन्सच्या टेकडीवरच्या ॲक्रोपोलिसला मेट्रोने जाता येतं, पण उष्णतेची लाट आली की भर दुपारी ते बंद ठेवतात, म्हणून सकाळचा पहिला स्लॉट घ्या. आणि अजून एक दिवस हातात असेल तर पिरेयसहूनच साधी फेरी पकडून एजिना बेटावर जा. सव्वा तास लागतो, उघड्या डेकवर बसायचं, शेजारी भाजीच्या पेट्या आणि स्कूटरवाले असतात, आणि बेटाच्या बंदरात शिरताना डावीकडे छोट्या टेकडीवर अपोलोच्या देवळाचा एकुलता एक उरलेला खांब दिसतो. नवऱ्याला तो माझ्या आधी दिसला.