आकडा शाळेचा की पालकांचा?

नमस्कार मंडळी. ऑस्ट्रेलियात घर बघायला निघालेले आपले आईबाप आधी 'माय स्कूल' या सरकारी संकेतस्थळावर शाळेचं पान उघडतात. इक्सिया (तिथे दिलेला शाळेचा एक निर्देशांक) ११२०? मग शाळा उत्तमच, असं ठरवूनही टाकतात. पण त्या आकड्यात शाळा कशी शिकवते याचा मागमूस नसतो. पालकांचं शिक्षण, त्यांचा व्यवसाय, शाळेचं ठिकाण आणि मूलनिवासी मुलांचं प्रमाण यांवरून तो काढतात. सरासरी १०००, आणि बऱ्याचशा शाळा ९०० ते ११००च्या आत. पालकांची माहिती येते ती मुख्यतः प्रवेश अर्जातून. घाईत आपण कोरा सोडतो तोच रकाना.

मग याचा उपयोग काय? तर तुलनेसाठी जोड शोधायला. तिसरी, पाचवी, सातवी आणि नववीची मुलं नॅपलॅन ही वाचन, लेखन, गणिताची देशव्यापी परीक्षा देतात. शाळेच्या सरासरीशेजारी, तशाच घरांतून आलेल्या देशभरातल्या मुलांची सरासरी दिलेली असते. डोळा तिथे ठेवायचा.

समजा, पाचवीच्या वाचनात एका शाळेची सरासरी ५४०, पण तशाच मुलांची ५५५. दुसरीची ५०५, आणि तिच्यासारख्या मुलांची ४८५. नुसते गुण बघणारा पहिलीकडे धावेल. वर्गातल्या शिकवण्याबद्दल बरं बोलणारा आकडा मात्र दुसरीचा आहे.

अर्थात एका वर्षावर भिस्त नको. परीक्षेला २० मुलं बसली आणि त्यातल्या एकाचे गुण १०० ने घसरले, तर अख्खी सरासरी ५ ने खाली येते. तीच मुलं १०० असती तर घसरण फक्त १ गुणाची. म्हणून लहान शाळेची किमान तीन वर्षं बघा, आणि वाचन, लेखन, गणित वेगवेगळं बघा. किती टक्के मुलं परीक्षेला बसली हेही तिथेच असतं. कच्ची मुलं घरी राहिली तर सरासरी आपोआप फुगते.

आणखी एक खड्डा. २०२३ मध्ये परीक्षा मे महिन्यातून मार्चमध्ये आली आणि मोजपट्टीही बदलली. त्यामुळे २०२२ आणि २०२३ च्या गुणांना जोडणारी रेघ ओढू नका. २०२० मध्ये तर परीक्षा झालीच नव्हती.

न्यू साउथ वेल्समधल्या सिलेक्टिव्ह शाळांपाशी ही तुलना लंगडी पडते. तिथे मुलं चाचणीतून निवडून येतात. पार्श्वभूमी सारखी धरली तरी ती निवड हिशेबात येत नाही, आणि शनिवार-रविवारचे खासगी क्लासही धरले जात नाहीत. त्यामुळे सातवीचे गुण तिथे हायस्कूलच्या शिकवण्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाहीत. मुलं नुकतीच आलेली असतात. प्रगतीचा तक्ता असेल तर तो उघडा. दोन वर्षांपूर्वी तेवढेच गुण आणि तशीच पार्श्वभूमी असलेल्या मुलांपेक्षा इथली मुलं किती पुढे गेली, हे त्यात कळतं. सातवी ते नववीचा तक्ता मिळाला, तर तिथूनच सुरुवात करा.