परतीची तारीख

[वाचनालयातलं टेबल. पुस्तकाचं शेवटचं पान, त्यावर डकवलेली चिठ्ठी.]

शनिवार पेठेतल्या एका वाचनालयाचं हे पुस्तक. वर खाकी कव्हर, कोपरे मऊ पडलेले. मागे परतीच्या तारखांची चिठ्ठी. वरच्या ओळींत जांभळे शिक्के एकमेकांच्या अंगावर चढलेत, इतकी मागणी होती. खाली येता येता शिक्के विरळ होतात. शेवटी शेवटी दोन शिक्क्यांत काही वर्षांचंही अंतर पडतं.

पुस्तक आहे 'लज्जा'. लेखिका बांगलादेशच्या तसलिमा नासरिन.

आमच्या आजोबांनी ते असंच वाचनालयातून आणलं होतं. एका बैठकीत वाचून काढलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "बघा, त्यांच्यातलीच बाई सांगतेय." पेठांमध्ये तेव्हा हे पुस्तक बरंचसं असंच वाचलं गेलं. 'त्यांच्यातली' या शब्दावर जोर देऊन. बाई स्वतः कुणाच्यातच राहिल्या नव्हत्या, ते आम्हाला फार उशिरा कळलं.

[जुन्या मैमनसिंगची छायाचित्रं. नदी, होड्या.]

२५ ऑगस्ट १९६२. पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या मैमनसिंगमध्ये, मुस्लिम घरात तसलिमांचा जन्म. वडील डॉक्टर, मुलगीही डॉक्टर झाली. सरकारी रुग्णालयात बायकांचे आजार बघता बघता वर्तमानपत्रात स्तंभ लिहू लागली. बाईचं शरीर, नवऱ्याचा मार, मुल्लाचा फतवा, सगळं नाव घेऊन आणि आडपडदा न ठेवता. देव नाही, हेही त्याच सुरात. १९९२ला त्यांना कोलकात्याचा आनंद पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी ६ डिसेंबरला अयोध्येत बाबरी मशीद पडली आणि तिकडे बांगलादेशात हिंदूंची घरं, देवळं फुटू लागली. 'लज्जा' ही ढाक्यातल्या एका दत्त कुटुंबाची तेरा दिवसांची गोष्ट. घरातले वडील, सुधामय, डॉक्टर. हा माझा देश, मी जाणार नाही, म्हणून अडून बसलेले. शेवटी तेही निघतात. १९९३च्या फेब्रुवारीत पुस्तक आलं, जुलैत त्यावर बंदी आली. लेखिकेच्या डोक्यावर इनाम लागलं. पुढच्या जूनमध्ये धार्मिक भावना दुखावल्याबद्दल अटक वॉरंट निघालं. दोन महिने त्या ढाक्यातच लपून होत्या. ऑगस्ट १९९४मध्ये जामीन मिळाला आणि त्या स्वीडनला गेल्या.

गोष्टीतला डॉक्टर घर सोडून निघाला, ते पुस्तक येऊन दीड वर्ष होतं न होतं तोच गोष्ट लिहिणारी डॉक्टरही निघाली.

युरोपनं सन्मान केला. त्याच वर्षी युरोपीय संसदेचं विचारस्वातंत्र्यासाठीचं साखारोव पारितोषिक मिळालं. पुढे स्वीडनचं नागरिकत्वही मिळालं. पण १९९८मध्ये आईला कर्करोग झाल्याचं कळलं आणि त्या ढाक्याला परतल्या. पुन्हा मोर्चे, पुन्हा कोर्ट. जानेवारी १९९९मध्ये पुन्हा देश सोडावा लागला. पुढे वडील गेले, तेव्हा तर जाताच आलं नाही.

[गर्दीचा रस्ता, कोलकाता.]

२००४मध्ये त्या कोलकात्यात राहायला आल्या. का, हे ज्याचा मुलगा म्युनिकला आहे त्या कुठल्याही पुणेकराला विचारा. मासळीवाल्याशी आपल्या भाषेत घासाघीस करण्यातलं सुख फ्रीजमधल्या पाकिटात मिळत नाही. सीमेपलीकडची का असेना, बांगलाच ती. तिथं मिनू नावाची मांजर पाळली, घर मांडलं.

ते तीन वर्षं टिकलं. ९ ऑगस्ट २००७ला हैदराबादच्या प्रेस क्लबमध्ये, तेलुगू अनुवादाच्या प्रकाशनावेळी, त्यांच्यावर हल्ला झाला. हल्लेखोरांत निवडून आलेले आमदार होते. नोव्हेंबरात कोलकात्यात दंगल उसळली, लष्कर बोलवावं लागलं. आणि बंगालमध्ये सरकार डाव्यांचं होतं, हे मुद्दाम सांगतो. त्याआधी चार वर्षं, २००३मध्ये, तसलिमांच्या आत्मचरित्राच्या एका खंडावर बंदी घालणारंही तेच. ती बंदी पुढे उच्च न्यायालयानं उठवली. बाईंना आधी जयपूरला हलवलं, मग दिल्लीत, कुठं ते कुणाला न सांगता. बाहेर पडायचं नाही, कुणाला भेटायचं नाही. मिनू मागेच राहिली. मार्च २००८मध्ये त्या भारतातूनही गेल्या.

कालांतरानं परत आल्या, पण दिल्लीत. कोलकात्याचं दार बंदच राहिलं.

[पुण्यातली संध्याकाळ.]

आता आपल्या घरचं बघू. महाराष्ट्राला असा माणूस नवा नव्हता. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई. १८ एप्रिल १९६६ला त्यांनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. मागणी एकच, तोंडी तलाक बंद करा. २२ मार्च १९७०ला याच पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. वयाच्या ४४व्या वर्षी, १९७७मध्ये गेले. मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की कुठलाही धार्मिक विधी नको, दहन करा. दलवाईंना देश सोडावा लागला नाही. भाषणांत ते आपण अभिमानानं सांगतो.

मग २९ जुलै २०१७. तसलिमा औरंगाबादच्या विमानतळावर उतरल्या. अजिंठा-वेरूळ बघायचं होतं, तीन दिवसांचा मुक्काम. बाहेर जमाव जमला, 'गो बॅक'च्या घोषणा. पोलिसांनी त्यांना विमानतळाबाहेर पडूच दिलं नाही, तिथूनच मुंबईला परत पाठवलं. दलवाईंच्या महाराष्ट्रात एका पाहुणीला लेणी दाखवता आली नाहीत.

आजोबा तेव्हा नव्हते. असते तर 'त्यांच्यातल्यांनी हाकललं' असं म्हणाले असते. मग मी त्यांना ओंकारेश्वराशेजारच्या पुलावर घेऊन गेलो असतो.

[पूल. पहाट. फिरायला निघालेली माणसं.]

२० ऑगस्ट २०१३. सकाळी फिरायला निघालेल्या नरेंद्र दाभोलकरांना इथं गोळ्या घातल्या. २० फेब्रुवारी २०१५, कोल्हापुरात गोळ्या झेललेले गोविंद पानसरे गेले. त्यानंतर सहाव्या दिवशी ढाक्यात, पुस्तकमेळ्यातून बाहेर पडणाऱ्या अभिजित रॉय या नास्तिक लेखकाला कोयत्यांनी तोडलं. सोबत पत्नी होती, वाचली, पण अंगठा गेला. त्या वर्षी धमक्यांमुळे तसलिमांनाही काही काळ अमेरिकेत जावं लागलं.

सहा दिवसांचं अंतर, आणि मधे एक सीमा. पुलावर कॅमेरा लावून उभे होतो तेव्हा एक काका थांबले. "कशाचं शूटिंग?" सांगितलं. "त्या बाईचा आणि इथला काय संबंध?" उत्तराची वाट न बघता ते पुढे चालू लागले.

[पुन्हा वाचनालय.]

भारतात राहण्याचा परवाना तसलिमांना मुदतीवर मिळतो. मुदत संपत आली की अर्ज, मग वाट बघणं. २०२४च्या जुलैत मुदत संपली आणि काहीच कळेना. ऑक्टोबरात त्यांनी गृहमंत्र्यांना समाजमाध्यमावर जाहीर विनंती केली. भारत हे माझं दुसरं घर आहे, मला राहू द्या, अशा अर्थाची. दुसऱ्या दिवशी मुदत वाढली. तीस वर्षं झाली देश सोडून, वयाची साठी उलटली, आणि अजून घर म्हणजे कुठल्यातरी टेबलावरचा कागद.

चित्रीकरण संपलं, आम्ही पुस्तक परत द्यायला गेलो. काउंटरवरच्या काकूंनी मागचं पान उघडलं, शिक्का शाईत बुडवला आणि वर बघितलं.

"झालं का वाचून? की मुदत वाढवून देऊ?"