वर्षाचं भाडं ८८ सेंट

नमस्कार मंडळी, जर्मनीत आउग्सबुर्ग नावाचं शहर आहे, तिथं फुगराय या वस्तीत ८८ युरो-सेंट भाड्यानं घर मिळतं, आणि हे महिन्याचं नाही हं, अख्ख्या वर्षाचं! एका मिसळपावाचे पैसे समजा. १५२१ साली एक गुल्डन (तेव्हाचं नाणं) ठरलं होतं, त्याचेच आज एवढे होतात, मधे कुणी वाढवलंच नाही.

वस्ती उभी केली याकोब फुगरनं. मोठा सावकार, सम्राटांना कर्ज देणारा, १५०५ ला पोर्तुगीज जहाजं मिरी आणायला हिंदुस्थानाकडे निघाली त्यातही या घराण्याचे पैसे होते. घर मिळायला अटी तीन, माणूस आउग्सबुर्गचा हवा, कॅथलिक हवा, गरजू हवा, आणि रोज फुगर घराण्यासाठी तीन प्रार्थना म्हणायच्या. सावकाराचा हिशोब पक्का, पुण्यसुद्धा हप्त्यानं वसूल!

पण मला खरं कौतुक आहे ते प्लॅनचं. सरळ गल्ल्या, दोन्ही बाजूंना एकाला एक चिकटलेली दुमजली रो हाऊसेस, खालच्या मजल्यावर एक बिऱ्हाड, वर दुसरं, आणि दोघांना रस्त्यावर उघडणारं आपापलं वेगळं दार. खालच्याला थोडी बाग, वरच्याला माळा. त्या काळात गरिबाला आसरा मिळाला तरी बहुतेक वेळा मोठ्या हॉलमध्ये रांगेनं खाट, इथं त्याला स्वतःचं दार मिळालं हो! दारावरच्या घंटेच्या मुठीही वेगवेगळ्या, कुठं तीन दलांचं पान, कुठं पाइनचं फळ, रस्त्यावर दिवे नव्हते ना, अंधारात हातानं चाचपून आपलं घर ओळखायचं. संगीतकार मोझार्टचे पणजोबा, गवंडी होते ते, इथंच राहिले.

आता १९४४ च्या फेब्रुवारीत बॉम्बहल्ल्यात वस्तीचा बराचसा भाग पडला, नंतर जुन्याच आखणीवर परत बांधला. मग कुणी म्हणेल, हे कसलं हेरिटेज, भिंती तर विसाव्या शतकातल्या! मला नाही पटत. गल्ल्या त्याच, दारांची रचना तीच, भाडं तेच, आणि मुख्य म्हणजे आजही दीडशेच्या आसपास गरजू माणसं तिथं राहतात, कितीतरी वाडे जसेच्या तसे उभे आहेत पण आत राहणारं कुणी नाही, त्यापेक्षा हे मला जास्त अस्सल वाटतं.

गेलात तर तिकीट काढावं लागतं. युद्धातलं बंकरही आता म्युझियम केलंय, ते चुकवू नका. आणि रात्री १० ला गेट बंद होतं, उशिरा येणाऱ्या रहिवाशाला रखवालदाराला चिल्लर द्यावी लागते, हाही जुनाच नियम.