ठिबकच्या ड्रिपरमधलं खवळलेलं पाणी

[दृश्य: जालना जिल्हा, मोसंबीची बाग, एप्रिलची दुपार. काळी लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, ब्लेडने उभी चिरली जातेय.]

ही बागेतली साधी इनलाइन नळी. चिरली की आत प्लास्टिकची एक बारकी पट्टी चिकटलेली दिसते, तोच ड्रिपर. कॅमेरा अजून जवळ घेऊ. पट्टीवर करवतीच्या दातांसारखी नागमोडी वाट आहे, साधारण एक मिलिमीटर रुंद आणि तेवढीच खोल. विहिरीचं पाणी मोटर, फिल्टर, सबमेन करत इथवर येतं आणि झाडाच्या बुडाशी पडायच्या आधी या दातांवर आपटत, वळत, घुमत पुढं जातं. बाहेर नुसता थेंब थेंब, आत मात्र टर्ब्युलन्स, म्हणजे पाण्याची भोवऱ्यांची खळबळ, आणि तोही मुद्दाम घडवलेला.

मुद्दाम कशाला? रान चढउताराचं, लाइन लांब, म्हणून पहिल्या झाडापाशी प्रेशर जास्त आणि शेवटच्याला कमी. पाणी शांत थरांनी वाहत असतं, म्हणजे लॅमिनार, तर प्रेशर दुप्पट झालं की पाणीही दुप्पट पडलं असतं. टर्ब्युलंट असलं की तेवढ्याच प्रेशरला पाणी 1.4 पटच वाढतं, कारण जादाची ताकद भोवरेच खाऊन टाकतात. दुसरी गोष्ट ऊन. काळी नळी उन्हात तापते, आणि 20 डिग्रीचं पाणी 50 वर गेलं की त्याचा चिकटपणा जवळपास निम्मा होतो. लॅमिनार पाणी मग जवळपास दुप्पट सुटलं असतं, टर्ब्युलंटला या चिकटपणाचं फारसं सोयरसुतक नसतं. आणि गाळ, तो घुसळत राहिला तरच बाहेर पडतो.

आता हिशोब. तासाला 4 लिटरचा ड्रिपर धरा, एक बाय एक मिलिमीटरची वाट, म्हणजे वेग सेकंदाला साधारण 1.1 मीटर. रेनॉल्ड्स नंबर, म्हणजे पाण्याचा पुढं जायचा जोर त्याच्या चिकटपणापुढं किती मोठा ते सांगणारा आकडा, आला 1100 च्या आसपास. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनी 1883 साली मँचेस्टरला काचेच्या नळीत रंगाची धार सोडून हा प्रकार बघितला होता, आणि सरळ गोल नळीत साधारण 2000 च्या खाली पाणी शांतच राहतं. मग 1100 ला खळबळ कशी? ही सगळी त्या दातांची करामत, प्रत्येक वळणावर प्रवाह भिंत सोडतो आणि मागं भोवरा तयार होतो.

[दृश्य: स्क्रीनवर ड्रिपरची मेश, म्हणजे हिशोबाच्या ठिपक्यांचं जाळं.]

हे कॉम्प्युटरवर बघायचं तर प्रवाहाची समीकरणं तयारच आहेत, नेव्हिए आणि स्टोक्स यांची, एकोणिसाव्या शतकातली. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. मोठा भोवरा लहान भोवऱ्याला ताकद देतो, तो त्याहून लहानाला, शेवटी ती उष्णता होऊन जिरते, आणि सगळ्यात लहान भोवरा पकडायचा तर मेश तेवढी बारीक लागते. किती ठिपके लागतील याचा ढोबळ अंदाज रशियन गणिती कोल्मोगोरोव्ह यांच्या 1941 च्या सिद्धांतावरून निघतो, रेनॉल्ड्स नंबरचा सव्वादोनचा घात. आपल्या ड्रिपरला साधारण 70 लाख ठिपके. 1987 साली किम, मॉइन आणि मोझर यांनी दोन भिंतींमधला प्रवाह असाच थेट सोडवला तेव्हा जवळपास 40 लाख ठिपके होते, त्या काळच्या सुपरकॉम्प्युटरवर. म्हणजे ड्रिपर आज आवाक्यात आहे. पण जायकवाडीचे दरवाजे उघडल्यावर सुटणारं पाणी घ्या, नंबर 1 कोटीच्या घरात गेला की ठिपके एकावर पंधरा शून्यांच्याही पुढं, आणि एवढं आजच्या कुठल्याच मशीनला पेलत नाही.

म्हणून मॉडेल. भोवरे मोजायचे नाहीत, त्यांचा सरासरी परिणाम धरायचा. सगळ्यात जास्त वापरलं जातं ते के-एप्सिलॉन, 1970 च्या दशकातलं: खळबळीत किती ऊर्जा आहे आणि ती किती वेगानं जिरतेय, एवढ्या दोन राशींवर सगळा डोलारा. त्यात 0.09 असा एक आकडा येतो, तो समीकरणातून निघालेला नाही, प्रयोगांशी जुळवून बसवलेला आहे. आणि हे मॉडेल मोठ्या रेनॉल्ड्स नंबरच्या, पूर्ण खवळलेल्या प्रवाहासाठी बेतलेलं. 1100 च्या ड्रिपरला ते जसंच्या तसं लावणं मला पटत नाही, चित्र कितीही देखणं येऊ द्या. दाताच्या मागच्या कोपऱ्यात ते एकच ठाम भोवरा दाखवतं, जणू गाळ तिथंच बसणार. लार्ज एडी सिम्युलेशन लावलं, म्हणजे मोठे भोवरे खरे सोडवले आणि फक्त बारक्यांना मॉडेल केलं, तर तोच भोवरा तुटतो, सरकतो, परत बनतो, आणि कधी कोपऱ्यातला कण उचलून धारेत टाकतो. गाळाचं गणित करायचं तर हेच पाहिजे, वेळ जास्त लागला तरी. ओपनफोम हे प्रवाह सोडवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, बऱ्या लॅपटॉपवर एक-दोन दातांपुरतं तरी चालतं.

[दृश्य: ड्रिपरखाली मेजरिंग ग्लास, शेजारी प्रेशर गेज.]

आणि उत्तर पडताळायचं इथं, बांधावर. 1 किलो प्रेशरला तासाला 4 लिटर पडलं, तर अर्ध्या किलोला 2.8 च्या आसपास पडायला पाहिजे. 2 लिटरच पडलं तर आत पाणी खवळतच नाही. दोन्ही प्रेशरला सारख्याच पटीत कमी पडलं तर दातांत क्षार किंवा गाळ धरलाय, मेशमधली वाट नव्या ड्रिपरची आहे, या जुन्या नळीची मापं वेगळी घ्यावी लागतील.