पैसे टोकावर घाला

नमस्कार श्रोतेहो.

नवं ड्रिल हातात आलं की माणूस पहिल्यांदा काय करतो? ट्रिगर दाबतो. गर्रकन आवाज येतो, हाताला झटका बसतो आणि खरेदीचा निर्णय तिथेच होऊन जातो. रिकामं फिरणारं ड्रिल सगळ्यांचंच छान फिरतं. त्या आवाजावरून आपल्याला फक्त एवढंच कळतं, की बॅटरी चार्ज केलेली आहे.

घराच्या गॅरेजसाठी, अंगणासाठी नवी अवजारं घेताना एकच गोष्ट धरून ठेवायची, आणि ती मी आज दोन-तीनदा सांगणार आहे. पैसे टोकावर घाला. टोक म्हणजे अवजाराचा जो भाग कामाला प्रत्यक्ष भिडतो तो. ड्रिलचं बिट, करवतीचं पातं, नट-बोल्टवर बसणाऱ्या सॉकेट पान्याचे आतले कोपरे, स्क्रू ड्रायव्हरचं टोक, ग्राइंडरची चकती. मोटर त्याच्या मागे उभी असते. मोटर कितीही ताकदीची असली तरी काम टोक करतं.

हे पटवायला चंद्रावरच्या ड्रिलइतकं चांगलं उदाहरण नाही, तेव्हा आधी तिकडेच जाऊ.

1971 सालचा जुलै महिना. अपोलो 15 चंद्रावर उतरलं, हॅडली नावाच्या घळीजवळ. चंद्राच्या पोटातून उष्णता किती बाहेर येते हे मोजायचं होतं. त्यासाठी जमिनीत दोन खोल भोकं पाडून त्यांत तापमान मोजणाऱ्या कांड्या सोडायच्या होत्या. भोकं साधारण तीन मीटर खोल हवी होती. शिवाय तिसरं एक भोक पोकळ नळीने पाडून आतल्या मातीचा सलग नमुना वर काढायचा होता. हे काम अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांच्याकडे होतं.

ड्रिल बॅटरीवरचं होतं. त्याचा मोटरचा भाग ब्लॅक अँड डेकर कंपनीने मार्टिन मॅरिएटा या दुसऱ्या कंपनीसाठी तयार केला होता. फिरता फिरता ठोकेही मारणारं, म्हणजे आपण भिंतीला वापरतो त्या हॅमर ड्रिलच्या जातीचं. जाता जाता एक सांगतो. बिनवायरचं ड्रिल चंद्रासाठी शोधलं गेलं, असं सर्रास म्हटलं जातं. ते खरं नाही. बॅटरीवरचं ड्रिल 1961 सालीच बाजारात आलं होतं. जाहिरातीत चंद्र आला की माणसं तारखा बघत नाहीत.

तर स्कॉट यांनी ड्रिल चालू केलं. सुरुवातीला ते झरझर खाली गेलं, कारण वरची धूळ भुसभुशीत. थोडं खाली गेल्यावर माती अशी काही घट्ट लागली की ड्रिल जागच्या जागी फिरायला लागलं. स्कॉट यांनी अंगाचा भार टाकून पाहिला. काही उपयोग नाही. ड्रिलची कांडी चकमध्ये, म्हणजे ड्रिलच्या पकडीत, आवळून बसली, ती पान्याने सोडवावी लागली. पहिलं भोक तीन मीटरऐवजी सुमारे 1.6 मीटरवर थांबलं. दुसरं तर त्याहूनही उथळ राहिलं.

मोटर कमी पडली का? नाही. आता नीट ऐका, कारण आपल्या घरातल्या निम्म्या फसलेल्या भोकांचं कारणही हेच असतं. ड्रिलच्या कांडीवर बाहेरून पिळाची खाच असते. त्या खाचेचं काम कापायचं नसतं. कापलेला माल वर आणून टाकायचं असतं. चंद्रावरची कांडी तुकड्यातुकड्यांची होती, एकाला दुसरा जोडत खाली जायचं. आणि जिथे दोन तुकडे जुळत होते, नेमकी तिथे ती खाच उथळ झाली होती. खालून वर येणारी भुकटी सांध्यापाशी येऊन अडली, तिथेच दाबून बसली, आणि तिने कांडीला चहूबाजूंनी आवळून धरलं. टोक कापायला तयार, मोटर फिरवायला तयार, पण कापलेल्या मालाला बाहेर पडायला वाट नाही.

तिसऱ्या भोकाची गंमत उलटी. ही नळी टायटॅनियमची, तिची खाच चांगली. ती 2.4 मीटर आत गेली आणि बाहेरच येईना. दुसऱ्या दिवशी ती तशीच सोडून द्यावी लागली. तिसऱ्या दिवशी स्कॉट आणि त्यांचे सहकारी जेम्स अर्विन दोघेही तिला भिडले. आधी ड्रिलच्या मुठींखाली कोपर घालून, मग खांदे लावून त्यांनी ती वर उचलली. स्कॉट यांचा खांदा त्यात दुखावला. नळी निघाली, पण वेळ एवढा गेला की त्या दिवशीच्या फेरीतलं एक ठिकाण सोडून द्यावं लागलं.

संपलं नाही अजून. आता त्या लांब नळीचे तुकडे सुटे करायचे होते. त्यासाठी चांद्रगाडीच्या मागे एक व्हाइस, म्हणजे काम जबड्यात घट्ट धरून ठेवणारा शिकंजा, बसवलेला होता. तो उलटा बसवलेला निघाला! नळी ज्या दिशेने पिळायची त्या दिशेला त्याची पकडच येईना. मग हाताच्या पान्याने झटापट करून काही सांधे सुटले. उरलेले तुकडे जोडलेले तसेच पृथ्वीवर आणले.

पुढच्या वर्षी, एप्रिल 1972 मध्ये, अपोलो 16. या वेळी मोटर मोठी केली का? नाही. कांडी बदलली. सांध्यांवरही खाच अखंड राहील अशी नवी कांडी बनवली, आणि नळी उपसायला पायाने दाबायचा एक जॅक दिला. चार्ल्स ड्यूक यांनी पहिलं भोक विनासायास पूर्ण खोलीपर्यंत नेलं. तेच ड्रिल, नवी कांडी. आणि मग? मग त्यांचे सहकारी जॉन यंग यांचा पाय जमिनीवर पसरलेल्या वायरीत अडकला, वायर जोडापासून तुटली, आणि उष्णतेचा तो सगळा प्रयोग तिथेच आटोपला. शेवटी डिसेंबरमध्ये अपोलो 17 ला युजीन सर्नन यांच्या हातून दोन्ही भोकं नीट पडली आणि मोजणी सुरू झाली.

खाच, व्हाइस, वायर. आता याच क्रमाने घराकडे या.

आधी खाच. ड्रिलबरोबर फुकट मिळणारी बिटं लाकडापुरती ठीक. लोखंडासाठी हाय स्पीड स्टीलची आणि स्टेनलेससाठी कोबाल्टची बिटं वेगळी घ्या. शंभर नगांची पेटी नको. 3, 4, 5, 6, 8 आणि 10 मिलिमीटर एवढी चांगली घ्या, आणि 3 आणि 4 चे दोन-दोन नग ठेवा, कारण मोडतात ती हीच. भोकाची खोली बिटाच्या जाडीच्या तिप्पट झाली की बिट बाहेर काढा, कीस झाडा, पुन्हा घाला. पुन्हा सांगतो, तिप्पट खोली झाली की बिट बाहेर. दाबत राहिलात तर कीस खाचेत गच्च बसतो, बिट तापतं, निळं पडतं, आणि निळं पडलेलं टोक मऊ झालेलं असतं.

वेगही बघा. साध्या लोखंडात 10 मिलिमीटरच्या बिटाला मिनिटाला सुमारे 800 फेरे पुरतात, 5 मिलिमीटरला 1600. स्टेनलेसला त्याच्या निम्मे, किंवा त्याहूनही कमी, आणि दाब मात्र सलग. बिट नुसतं घासत राहिलं की स्टेनलेसचा पृष्ठभाग कडक होतो, मग चांगलं बिटही तिथे घसरतं. आणि काँक्रीटमध्ये आठवड्याला दोन-चार भोकं पाडायची असतील तर हॅमर ड्रिलच्या मागे लागू नका, एसडीएस प्लस दांड्याचं, म्हणजे ज्यात खाचा असलेलं बिट खटक्याने बसतं असं, रोटरी हॅमर घ्या. हॅमर ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून ठोका तयार होतो, म्हणून तुम्हाला अंगाने रेटावं लागतं. रोटरी हॅमरमध्ये आतला दट्ट्या हवेच्या दाबाने ठोकतो, तुम्ही फक्त धरायचं.

बॅटरीवर 18 व्होल्ट लिहिलेलं असो की 20 व्होल्ट मॅक्स, आत बहुतेक वेळा पाच सेलच असतात. एका सेलचे 3.6 व्होल्ट धरले तर पाचांचे 18. पूर्ण चार्ज झालेल्या सेलचे चारच्या आसपास धरले तर 20. बॅटरी तीच, आकडा दुसरा. वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत मावणारी एकूण ऊर्जा, मोजा: 18 व्होल्ट गुणिले 4 अँपिअर-अवर, 72. हा आकडा ताडून बघण्याजोगा आहे. आणि पहिलं यंत्र घेतानाच ठरवा, की पुढची करवत, ब्लोअर, झुडपं कापायचं यंत्र, सगळी याच बॅटरीवर चालणार आहेत का. बॅटरी हा खरा संसार आहे, यंत्रं येत-जात राहतात.

आता व्हाइस. गॅरेजमध्ये सगळ्यात शेवटी घेतला जातो आणि सगळ्यात आधी घ्यायला हवा. जबडा 100 ते 125 मिलिमीटरचा, चारही बोल्ट वॉशरसकट आरपार, लाकडी स्क्रूवर नाही. बाकाच्या कडेला असा बसवा की मागचा जबडा कडेच्या किंचित बाहेर येईल, म्हणजे लांब पाइप उभा धरता येतो. आणि बोल्ट आवळण्याआधी एकदा काम धरून, पिळून बघा. चांद्रगाडीवर ते राहून गेलं होतं.

वायर. एक्स्टेन्शनची वायर लांबीवर घेतली जाते, जाडीवर घ्यायला हवी. ग्राइंडर, गवत कापायचं यंत्र, कॉम्प्रेसर यांना 1.5 चौरस मिलिमीटर तांबं हे कमीत कमी, आणि 25-30 मीटरच्या पुढे 2.5. बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, मोटर जास्त करंट ओढते, तापते, आणि मग यंत्र कुचकामी निघालं म्हणून दोष यंत्राला. रिळावरची वायर पूर्ण उलगडूनच वापरायची. गुंडाळी तशीच ठेवली तर आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळतं. पूर्ण उलगडून. आणि पायवाटेवरून आडवी नको, ते जॉन यंग यांना विचारा.

सॉकेट घेताना सहा कोनांचे घ्या. बारा कोनांचे लवकर बसतात, पण गंजलेल्या बोल्टचे कोपरे खातात. सहा कोनांचा सॉकेट बोल्टला सपाट बाजूवर धरतो. 8, 10, 12, 13, 14, 17, 19 एवढ्यांत घरातल्या गाडीचं बहुतेक काम होतं. दोनशे नगांच्या त्या मोठ्या पेट्या मात्र माझ्या मते भेट द्यायलाच बनवलेल्या असतात. त्यातले दीडशे नग पेटीतच म्हातारे होतात.

टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळायचं ते आकड्यावर लावता येणारा पाना, फक्त आवळायला. सोडवायला लांब दांडा वापरा. काम झालं की आतली स्प्रिंग सैल करून, म्हणजे आकडा सगळ्यात खालच्या खुणेवर आणून ठेवा. त्या खुणेच्या खाली नाही. चाकाचे नट किती आवळायचे तो आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. ते पुस्तक न वाचता जपून ठेवण्याची आपल्याकडे परंपरा आहे, ती मोडली तरी चालेल. आणि जॅक उचलण्यापुरता. गाडीखाली जायचं तर वजन स्टँडवर हवं. हायड्रॉलिक जॅकचं एक सील गळालं तरी गाडी खाली येते.

कॉम्प्रेसरला टाकीचे लिटर बघू नका, मिनिटाला प्रत्यक्ष किती हवा देतो ते विचारा. कागदावर अनेकदा ओढलेल्या हवेचा आकडा छापतात, बाहेर मिळणारी हवा त्याहून बरीच कमी असते. आणि काम झाल्यावर टाकीच्या तळाचा कॉक उघडून पाणी सोडा, नाहीतर टाकी आतून गंजते.

वेळ संपत आली, ग्राइंडरचं तेवढं सांगतो. 125 मिलिमीटरच्या चकतीवर सहसा मिनिटाला 12,200 फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. त्या वेगात तिची कड सेकंदाला 80 मीटर धावते. गार्ड काढून त्याच यंत्रावर 180 ची चकती चढवली, आणि यंत्र 11,000 फेरे घेत असेल, तर कड शंभराच्या वर जाते. चकती त्यासाठी बांधलेली नसते, ती फुटते. लाकूड कापायची दातेरी चकती तर ग्राइंडरला कधीच नाही. आणि चकती घेताना मधल्या धातूच्या कड्यावर बघा, तिथे महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. आतला डिंक कालांतराने कमजोर होतो, म्हणून ती मुदत. स्वस्तात मिळालेला गठ्ठा पुष्कळदा त्या मुदतीच्या अगदी काठावरचा असतो, तेव्हा आधी ते कडं वाचा. चष्मा लावून.

नमस्कार.