गूढ कथा सांगणाऱ्यावर किती विश्वास ठेवावा?

नमस्कार. अलीकडे वाचलेल्या तीन गडद आणि गूढ कादंबऱ्यांविषयी आज मी बोलणार आहे. शर्ली जॅक्सन यांची १९६२ सालची ‘वुई हॅव ऑलवेज लिव्ड इन द कॅसल’, डॅफ्ने ड्यू मॉरिए यांची १९३८ सालची ‘रेबेका’ आणि हेन्री जेम्स यांची १८९८ सालची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ ही ती पुस्तके. तिन्ही कथा एका मोठ्या, एकाकी घरात घडतात, तिन्हींवर मृतांची सावली आहे आणि तिन्ही आपल्याला एक तरुण स्त्री ‘मी’ म्हणून सांगते. माझ्या मते या पुस्तकांतला खरा अंधार ‘कोणी केले’ या प्रश्नात नसून, जी सांगते आहे तिच्या बाजूने आपण नकळत उभे राहतो यात आहे. हे दाखवायचे तर रहस्ये उघड करणे भाग आहे, त्यामुळे ज्यांना ती पुस्तके वाचतानाच उलगडायला हवी असतील त्यांनी आधी पुस्तके वाचावीत आणि मग हा व्हिडिओ पाहावा.

तिन्हींपैकी मला सर्वांत श्रेष्ठ वाटली ती जॅक्सन यांची कादंबरी. मेरीकॅट ब्लॅकवुड ही अठरा वर्षांची मुलगी पहिल्याच परिच्छेदात आपले नाव, वय आणि आवडीनिवडी सांगते, आणि त्याच सहजतेने, घरातील बाकी सगळे मरण पावले आहेत, हेही सांगून टाकते. सहा वर्षांपूर्वी एका रात्री जेवणाच्या टेबलावरील साखरेत सोमल, म्हणजे आर्सेनिक हे विष, मिसळलेला होता. ती साखर ब्लॅकबेरीवर घालून खाल्ल्यामुळे आई, वडील, भाऊ आणि काकू दगावले, तर ज्युलियन काका वाचले, पण कायमचे अधू झाले. मोठी बहीण कॉन्स्टन्स साखर खात नसे, स्वयंपाक तिनेच केला होता आणि पोलीस येण्याआधी साखरेचे भांडेही तिनेच धुऊन ठेवले होते, त्यामुळे खटला तिच्यावर चालला आणि ती निर्दोष सुटली. त्या रात्री शिक्षा म्हणून उपाशी झोपायला पाठवलेल्या बारा वर्षांच्या मेरीकॅटचा विचार मात्र कोणी केला नाही.

सोमल मेरीकॅटनेच घातला होता, हे सजग वाचकाला बरेच आधी कळते आणि लेखिकेला ते लपवायचेही नाही. जेव्हा ती गोष्ट अखेर बोलली जाते, तेव्हा मोजक्या शब्दांत दोघी बहिणी ती मान्य करतात, आणि कॉन्स्टन्सला ती पहिल्यापासून ठाऊक होती हे आपल्या लक्षात येते. आरडाओरडा नाही, पश्चात्ताप नाही, दोन बहिणींमधले साधे बोलणे आहे. एखादा सामान्य रहस्यलेखक जो क्षण शेवटच्या पानापर्यंत जपून ठेवील, तो येथे वाटेत येतो आणि कथा पुढे चालू लागते, कारण जॅक्सन यांचे लक्ष गावाकडे आहे. मेरीकॅट सामान आणि वाचनालयातील पुस्तके आणायला गावात जाते तेव्हा माणसे तिला हिणवतात आणि मुले तिच्या बहिणीवर रचलेले विषाचे गाणे म्हणतात. पुढे घराला आग लागते आणि अग्निशमन दलाची माणसे ती प्रामाणिकपणे विझवतात. आग विझल्यावर त्यांचा प्रमुख डोक्यावरची टोपी काढतो, एक दगड निवडतो आणि खिडकीवर भिरकावतो. मग सगळे गाव घरावर तुटून पडते. कर्तव्य पूर्ण करून मगच क्रौर्याला मोकळे होणारा हा माणूस मला मेरीकॅटपेक्षा कितीतरी भीषण वाटला. एक गाव मिळून माणसावर दगड उचलते हे दृश्य जॅक्सन यांनी १९४८ साली ‘द लॉटरी’ या कथेतही लिहिले होते, पण तेथे आपण त्या गर्दीकडे बाहेरून पाहतो. येथे आपण घराच्या आत, चार माणसांचा जीव घेणाऱ्या मुलीच्या शेजारी असतो, आणि तिला कोणी काही करू नये असे आपल्याला मनापासून वाटत राहते.

‘रेबेका’मध्ये हीच किमया अधिक मोहक रूपात आहे. सैन्याधिकारी पतीबरोबर इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियाच्या उकाड्यात राहत असताना ड्यू मॉरिए यांनी ही कादंबरी लिहायला घेतली. इंग्लंडमधील कॉर्नवॉलची, तेथील समुद्राची आणि मेनाबिली नावाच्या जुन्या घराची ओढ त्यांना लागली होती, आणि त्या ओढीतून कादंबरीतले मँडर्ली हे घर उभे राहिले. घराचे वर्णन इतके जिवंत का आहे याचे उत्तर मला त्या दूरत्वात दिसते. जवळ असलेल्या वास्तूबद्दल कोणी इतके आसुसून लिहीत नाही.

विधुर मॅक्सिमशी लग्न करून मँडर्लीत आलेल्या निवेदिकेला शेवटपर्यंत नाव मिळत नाही, उलट त्याच्या मृत पहिल्या पत्नीचे, रेबेकाचे, नाव प्रत्येक खोलीत, प्रत्येक रुमालावर आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठावरही आहे. रेबेकाची खोली जशीच्या तशी जपणारी गृहव्यवस्थापिका मिसेस डॅन्व्हर्स सगळ्यांच्या लक्षात राहते आणि ते योग्यच आहे. कादंबरीवर बेतलेल्या १९६४ सालच्या ‘कोहरा’ या हिंदी चित्रपटात या पात्राच्या वळणाची भूमिका आपल्या ललिता पवार यांनी केली होती, आणि पुस्तक वाचताना माझ्या डोळ्यांसमोर त्यांचाच चेहरा येत होता.

तरीही कादंबरीचे मर्म मला दुसऱ्याच ठिकाणी सापडले. बुडालेली होडी सापडते, तिच्यात रेबेकाचा मृतदेह मिळतो आणि मॅक्सिम आपल्या दुसऱ्या पत्नीला सांगतो की रेबेकाला त्याने गोळी घातली होती. त्या वेळी निवेदिकेच्या मनात सर्वांत मोठी भावना कोणती येते? सुटकेची. नवऱ्याचे रेबेकावर कधीच प्रेम नव्हते, एवढेच तिला ऐकू येते. हत्या तिच्या लेखी जणू तपशील ठरतो. तिथून पुढची पाने मीही श्वास रोखून वाचत होते, आणि मॅक्सिम पकडला जाऊ नये असे मला वाटत होते. पुस्तक मिटल्यानंतर कितीतरी वेळाने ध्यानात येते की, रेबेका दुष्ट होती असे सांगणारा मुख्य साक्षीदार तिचा खुनीच आहे. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या १९४० सालच्या गाजलेल्या चित्रपटात हे मर्म हरवले. खुन्याला शिक्षा झालीच पाहिजे, असा तेव्हाच्या अमेरिकी चित्रपटांना नियम होता, म्हणून तेथे रेबेकाचा मृत्यू अपघाती दाखवावा लागला. चित्रपट देखणा आहे, पण त्यात प्रेक्षकाचे हात स्वच्छ राहतात, आणि कादंबरी ते राहू देत नाही.

येथे मराठी वाचकाला एक फरक जाणवेल. आपल्यापैकी अनेक जण या वाटेवर भयकथाकार नारायण धारप यांचे बोट धरून आले. धारपांच्या समर्थकथांत दुष्ट शक्ती बाहेरून येते, आणि तिला ओळखणारा, तिच्याशी झुंजणारा समर्थ हा नायक आपल्याजवळ असतो. त्या कथांचे मोल मोठे आहे, त्यांच्या भीतीत एक आश्वासन असते. या तीन कादंबऱ्यांत मात्र कोणी समर्थ येत नाही, आणि आला तरी त्याने कोणाशी लढावे हे ठरवणे कठीण आहे.

‘द टर्न ऑफ द स्क्रू’बद्दल माझी तक्रार आहे. वाक्ये इतकी वळणे घेतात की काही प्रसंगांची धार बोथट होते. ब्लाय नावाच्या घरात माइल्स आणि फ्लोरा या दोन अनाथ भावंडांना सांभाळायला आलेली तरुण शिक्षिका सांगते की, मरण पावलेले दोन जुने नोकर मुलांना आपल्याकडे ओढत आहेत. भुते खरी आहेत की तिच्या मनात आहेत, हा वाद समीक्षक एडमंड विल्सन यांच्या १९३४ सालच्या लेखापासून जोरात सुरू झाला आणि आजही संपलेला नाही. मला तो वाद काहीसा कोरडा वाटतो. भुते खरी माना किंवा खोटी माना, माइल्स तिच्या मिठीत मरतो, आणि त्याआधी तिने त्या लहान मुलाला प्रश्न विचारून विचारून घेरलेले असते. आपण मुलाला वाचवत आहोत, अशी तिची पूर्ण खात्री असते, आणि मला त्या खात्रीचीच भीती वाटली.

क्रम विचाराल तर सुरुवात ‘रेबेका’पासून करावी, मग जॅक्सन वाचाव्यात आणि जेम्स शेवटी घ्यावेत. जेम्स वाचताना मिसेस ग्रोस या साध्या, अशिक्षित गृहव्यवस्थापिकेवर नजर ठेवावी. तळ्याकाठच्या प्रसंगात शिक्षिका बोट दाखवून तिला भूत दाखवते आणि तिला तेथे काहीच दिसत नाही. तरीही ती मुलीला घेऊन घर सोडून जायला तयार होते. ती नेमके कोणापासून त्या मुलीला दूर नेते आहे, हे ठरवण्यासाठी तो प्रसंग आणि त्यानंतरचे प्रकरण सलग दोनदा वाचावे.